होल्डवर ठेवलेला कागद

२८ जानेवारी १९६३, सोमवार. संध्याकाळी ६.

आजपासून रोजनिशी. मशीन-तेलाच्या कंपनीने आमच्या इन्स्पेक्शन खात्याला फुकट वाटलेली डायरी आहे, पानांनाही तेलाचा वास येतो. सत्तावीस पानं कोरी गेली. ती सवडीने आठवून भरायची. नियम पहिला: रोज लिहायचं. नियम दुसरा: खरं तेच लिहायचं. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे कुणावर छाप पाडायची नाही.

अर्धी रजा टाकून शुभदाला हॉस्पिटलात नेलं. तक्रार दिवाळीपासूनची. बायकांची. इथे जास्त लिहीत नाही. कमी लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं नव्हे. पाळी नसताना डाग दिसतात, एवढं नोंदवतो, कारण रेकॉर्ड पाहिजे. हे तिने मला सांगितलं नव्हतं. शेजारच्या नीरजाअक्कांनी डॉक्टरला दाखव म्हणून तिच्यामागे धोशा लावला, तेव्हा भिंतीपलीकडून मला कळलं.

पुरुषांनी बाहेर थांबायचं. थांबलो. वीस मिनिटांनी शुभदा बाहेर आली. काचेवर नमुना घेतलाय, आठवड्याने बोलावलंय, एवढंच म्हणाली. एकच नमुना? आमच्याकडे साध्या बुशिंगच्या लॉटमधूनसुद्धा पाच नग उचलतात. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, बस आली, चला.

५ फेब्रुवारी, मंगळवार.

मधले सात दिवस लिहिणं झालं नाही. चीनशी लढाई थांबली तरी आणीबाणी चालू आहे आणि कारखान्यात दुप्पट काम आहे. देशाला सध्या इन्स्पेक्टरांची गरज आहे.

रिपोर्ट आला. क्लास थ्री. वाचून मी उडालोच. मी स्वतः सेकंड क्लासच्या खाली कधी उतरलो नाही आणि शुभदा तर मॅट्रिकला फर्स्ट क्लास होती. पाच क्लास असतात म्हणे, एक म्हणजे निर्मळ, पाच म्हणजे कॅन्सर. आपण मधोमध.

या वेळी मलाही आत बोलावलं. डॉक्टर क्षमाबाई माझ्याशी इंग्रजीत बोलल्या, शुभदाशी कन्नडमध्ये. (इथे येऊन अकरा वर्षं झाली, तेवढ्यात शुभदा इथली भाषा शिकली. मला सवड झालेली नाही.) त्या म्हणाल्या, कॅन्सर नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी बदलल्या आहेत. कधी आपोआप मूळपदावर येतात, कधी काही वर्षांनी वाईट वळण घेतात. कुणाच्या कुठे जातील ते आज सांगता येत नाही, म्हणून नुसतं सोडून द्यायचं नाही. आधी पंधरा दिवस आत ठेवायच्या गोळ्या, सूज उतरायला. मग पुन्हा काच. मग लागलंच तर, असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला आणि तळाच्या रेघेवर बोट ठेवलं. नवऱ्याची सही.

त्यापुढचं मला नीट ऐकू आलं नाही. खिडकीबाहेर लॉरी उभी होती, तिचं इंजिन चालू होतं.

छापील कागद आणि त्यावर नवऱ्याची सही. म्हणजे ऑपरेशन. दुसरं काय असणार.

विचार करून सांगतो म्हणालो. बाई म्हणाल्या, यात विचार करण्यासारखं काही नाही, आणि परत काहीतरी समजावलं. मी म्हणालो, मॅडम, माझ्या सहीशिवाय आमच्या कारखान्यातून स्क्रूसुद्धा बाहेर पडत नाही, आणि कागद आलेल्या दिवशी मी कधीच सही करत नाही. हे मी विनोदाने म्हणालो. कुणी हसलं नाही. शुभदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

घरी आल्यावर कागदाला पिवळा टॅग लावून कपाटात ठेवला. आमच्याकडे लाल टॅग म्हणजे नापास, हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे होल्ड, साहेबाचा निर्णय व्हायचाय. साहेब म्हणजे मी.

९ फेब्रुवारी, शनिवार.

निर्णय झाला. ऑपरेशन होऊ द्यायचं नाही. शस्त्र न लावता पाच महिन्यांत क्लास थ्रीचा क्लास वन करायचा. मुदत: १ जुलै. कारखान्यात रीवर्क करता येण्याजोगा माल मी कधी स्क्रॅप केलेला नाही, मग घरात कसा करीन. शुभदाला हे वाक्य ऐकवलं. ती बरं म्हणाली.

ड्रॉइंग ऑफिसातला त्रिविक्रम होमिओपॅथी करतो. पेटीत अठ्ठेचाळीस बाटल्या आहेत. त्याने प्रश्नावली दिली. खारट आवडतं की गोड? कुठल्या कुशीवर झोपते? रडते का? रडत असेल तर एकटी असताना की चारचौघांत? कशाची भीती वाटते? घरी येऊन एकेक विचारणार होतो, पण ती स्वयंपाकात होती, आणि हे प्रश्न दारात उभं राहून विचारण्यासारखे नव्हेत. मीच अंदाजाने भरलं. खारट. उजव्या. रडत नाही. (माझ्यासमोर नाही, म्हणजे नाहीच.) भीती: पाल.

डॉक्टरणीच्या गोळ्या बंद कर म्हणून सांगितलं. दोन औषधं एकदम चालली तर गुण कुठल्याने आला ते कसं कळणार. तिला पटलं. बरं म्हणाली.

११ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.३०.

उपचार सुरू. चार गोळ्या सकाळी, चार संध्याकाळी, कांदा-लसूण-कॉफी बंद. तक्ता करून स्वयंपाकघराच्या दाराला लावला: तारीख, तापमान, भूक, झोप, शेरा. तापमान ती स्वतः घेऊन मला ओरडून सांगणार, मी भरणार. आज ९८.४.

झोपेबद्दल विचारायची जरूर नाही. खाटा वेगळ्या आहेत, पण खोली एकच आहे, मला सगळं दिसतं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार.

९८.४. शेरा: उत्तम.

शुभदा हल्ली दर दोन-तीन दिवसांनी अक्कांबरोबर देवळात जाते. मन शांत राहतं. योजनेत देऊळ नव्हतं, आज घातलं.

२७ फेब्रुवारी, बुधवार.

कारखान्यात वादळ. ग्राइंडिंगच्या रघुपतीचं लॉगबुक तपासलं. शाफ्टचा व्यास दर तासाला मोजून लिहायचा असतो. बाराच्या बारा नोंदी सारख्या, शेवटच्या आकड्यापर्यंत. सगळ्यांसमोर त्याला उभा केला. म्हणालो, अरे, खरं माप कधी सारखं येत नसतं. सारखं आलं की समजायचं मोजलेलंच नाही. सोळा वर्षांच्या नोकरीत मला अजून कुणी फसवू शकलेलं नाही.

घरी: ९८.४. सलग सतरावा दिवस. शरीर इतकं ताब्यात आलेलं मी बघितलेलं नाही. त्रिविक्रमला तक्ता दाखवणार.

३ मार्च, रविवार.

होमिओपॅथी एकटी पुरेशी नाही. निसर्गोपचाराचं पुस्तक आणलं. कटिस्नान: गार पाण्याच्या टबात कमरेपर्यंत रोज पहाटे वीस मिनिटं, पाय बाहेर. ओटीपोटातलं सगळं बिऱ्हाड सुधारतं म्हणे. बाजारातले टब ओबडधोबड असतात. स्वतः ड्रॉइंग काढलं, तीन बाजूंनी, टॉलरन्ससकट. पत्र्याचं काम करणाऱ्या देवाप्पाला दिलं. त्याने विचारलं, सायबांच्या घरी म्हैस आहे काय. मी ड्रॉइंगवरच्या मापांकडे बोट दाखवलं.

१० मार्च, रविवार.

देवाप्पा टब घेऊन आला. काम सुरेख, ड्रॉइंगबरहुकूम. मोरीचं दार सव्वीस इंच, टब अठ्ठावीस. दार मोजायचं राहिलं होतं. दार माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं, त्यामुळे ही चूक ड्रॉइंगची म्हणता येत नाही. टब मागच्या अंगणात ठेवला. अंगण आणि अक्कांचं अंगण यात कमरेएवढी भिंत. शुभदा म्हणाली, इथे मी बसायची नाही.

निदान पद्धत तरी कळावी म्हणून मीच बसून दाखवलं. बसणं जमलं. उठणं पुस्तकात नव्हतं. देवाप्पाने एका हाताला धरलं, शुभदाने दुसऱ्या. भिंतीपलीकडून अक्का बघत होत्या आणि डोळ्याला पदर लावत होत्या. शुभदा हसली. खाली बसून, पोटाला हात लावून हसली. किती महिन्यांनी ते आठवत नाही. म्हणजे गोळ्या लागू पडताहेत.

१३ मार्च, बुधवार.

मला ताप. १०१.२. तीन दिवस पहाटे मीच टबात बसलो. तिने बघून शिकावं हा हेतू. शुभदाने रजेचा अर्ज पोचवला, पेज केली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. डोळे मिटून पडलो होतो. तिचा हात कपाळावर होता तोवर बरं वाटत होतं. पट्टी बदलून ती उठायची तेव्हा काहीतरी बोलून थांबवावं असं वाटे. तक्ता भरलास का, असं विचारलं.

आजचं तिचं तापमान: ९८.४.

२१ मार्च, गुरुवार.

काल शुभदा देवळातून फार दमून आली. दुपारभर पडून होती म्हणे. देवळाच्या पायऱ्या जास्त असाव्यात. आठवड्यातून एकदाच जा म्हणालो.

आज संध्याकाळी नीरजाअक्का आल्या. यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं. यांच्या मराठीत निम्मं कन्नड, आणि बोलताना सरळ डोळ्यांत बघतात. मला म्हणाल्या, अण्णा, त्या कागदावर सही घातलात काय? मी म्हणालो, काम चालू आहे. त्या म्हणाल्या, कागदाला काम काय असते, सही घालायची, द्यायची. मी त्यांना रीवर्क आणि स्क्रॅप यांतला फरक सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, अण्णा, ती लोखंड नव्हे, स्वल्प तिच्याकडे बघा. मी म्हणालो, रोज बघतो, तक्ता आहे. सरी, म्हणजे बरं, म्हणाल्या आणि उठल्या.

शिकलेल्या नाहीत, त्यामुळे वाद घातला नाही. शुभदा या वेळात आतून बाहेरच आली नाही.

४ एप्रिल, गुरुवार.

नियम दुसरा आहे, म्हणून लिहितो.

आज सकाळी कागद पिशवीत टाकला. टॅग काढला नाही. कारखान्याच्या बसऐवजी हॉस्पिटलच्या बसमध्ये बसलो. सही करून टाकावी असं नव्हे, पण बाईंना निदान विचारावं, की कागदात नेमकं काय आहे. मी तो पूर्ण वाचलेला नाही. पहिल्या दोन ओळींपलीकडे डोळा जात नाही.

फाटकाशी उतरलो. समोरच्या हॉटेलात कॉफी घेतली. मग अजून एक. मग कामावर गेलो. आणीबाणीत बाराशे शाफ्ट माझी वाट बघत असताना हॉस्पिटलात हेलपाटे घालणं बरोबर नाही.

सन अडतीस. मी एकवीस वर्षांचा. ताईचे यजमान परगावी होते. दवाखान्यात कुणीतरी पुरुष हवा म्हणून सही मी केली. झोकदार केली, खाली दोन टिंबं देऊन. नवीनच सही बसवली होती तेव्हा. संध्याकाळी ताईला बाहेर आणलं ते चादर वरपर्यंत ओढूनच. डॉक्टरांचा दोष नव्हता, उशीर झाला होता, सगळे तसंच म्हणाले. मीही तसंच म्हणतो.

हे शुभदाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं यात काही नाही. पेशंटचं मनोधैर्य राखणं हा योजनेचा भाग आहे.

१५ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ७.

शुभदा अक्कांबरोबर बसवनगुडीला गेली, अक्कांच्या बहिणीकडे. पापड आणि संडिगे, म्हणजे आपले सांडगे, घालायचे आहेत, तीन दिवस राहीन म्हणाली. निघताना दारात थोडी थांबली. मला वाटलं काही विसरली. मी म्हणालो, गोळ्या घेतल्यास ना? ती म्हणाली, घेतल्या. मग म्हणाली, येऊ ना मी? मी म्हणालो, जा की, बस चुकेल.

ठीक आहे. एकट्याने राहायची मला सवय आहे. रेडिओ लावला. बंद केला. भात केला, तळाला लागला. वरचा खाल्ला. उद्यापासून वेळेचा सदुपयोग: कन्नड शिकणे, कपाट आवरणे, कोरी पानं भरणे.

१६ एप्रिल, मंगळवार.

हॉटेलात जेवलो. कपाट उघडून बंद केलं. तापमानाचा रकाना रिकामा आहे. माझंच घेऊन लिहिलं, ९८.१.

आपण दोघंच आहोत हे दोघं असताना लक्षात येत नाही. मूलबाळ नाही त्याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. तिला काय वाटतं, ते सगळ्यांच्या प्रश्नांत कुणी विचारलेलं नाही.

१८ एप्रिल, गुरुवार.

आली. चेहरा उतरलेला, चाल सावकाश. संडिगे घालायचं काम दिसतं तेवढं सोपं नसावं. बरोबर पापड एकही नाही. विचारलं तर म्हणाली, वाळायचे आहेत अजून. पाण्याची बादली उचलायला वाकली, तोच भिंतीपलीकडून अक्कांनी हाक मारून थांबवलं. मी उचलली. महिनाभर जड काही उचलायचं नाही म्हणे. कोण म्हणालं? अक्का. अक्कांची डॉक्टरकी आता माझ्या घरात.

पण बादल्या मी उचलतो. योजनेत घातलं: जड कामं पतीकडे. जमतंय. पाणी भरताना ती ओसरीवर बसून असते, बोलत नाही, पण बसून असते.

१२ मे, रविवार.

मोठा दिवस. धीर करून विचारलं, ते डाग वगैरे? ती म्हणाली, नाहीत आता.

पूर्ण थांबले. फेब्रुवारी ते मे, तीन महिने एक दिवस. गोळ्या, पथ्य, देऊळ, जड कामं. टबाचाही वाटा आहे, निदान घरात होता. मी लगेच त्रिविक्रमकडे गेलो. त्याला इतका आनंद झाला की त्याने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. म्हणाला, खरंच थांबलं? मी म्हणालो, आता तूच डळमळतोस?

महाराष्ट्र मंडळात व्याख्यान द्यायचं ठरवलं. विषय: शस्त्राविना स्त्रीरोगनिवारण, एका इंजिनिअरचा प्रयोग. बायकांसमोर बोलता येणार नाही, फक्त पुरुषांसाठी ठेवावं.

२ जून, रविवार.

व्याख्यानाची अकरा पानं झाली. शुभदाला वाचून दाखवावी म्हणून बोलावलं. पहिलं पान ऐकलं तिने. त्यात मी म्हटलंय, रुग्णेचा उपचारकावर संपूर्ण विश्वास असणं ही पहिली पायरी होय. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, गहिवरली. म्हणाली, अहो, मला तुम्हाला काही सांगायचंय. मी म्हणालो, शेवटी सांग, मध्ये लिंक तुटते. पाचव्या पानावर मान वर करून बघितलं तर ती उठून गेली होती. अंगणात कपडे वाळत घालत होती. बाकीचं मी मोठ्याने वाचून काढलं. उच्चारांची तालीम झाली.

१ जुलै, सोमवार.

मुदतीचा दिवस. योजना वेळेत पुरी. उद्या क्षमाबाईंना भेटणार. तक्ता नेणार, एकशे चाळीस दिवसांचा. कागद परत करणार, सहीविना, टॅग बदलून. हिरवा टॅग खिशात घालून आणलाय. शेवटची काच तेवढी घ्यावी अशी विनंती करणार, म्हणजे व्याख्यानाला पुरावा होईल. बाई आश्चर्य करतील. त्यांना वाईट वाटू नये असं बोलायचं.

शुभदाला सांगितलेलं नाही. एकदम आनंदाची बातमी देईन.

२ जुलै, मंगळवार. दुपारी ३.

हॉस्पिटलातून कारखान्यात गेलो नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा न कळवता रजा.

बाईंनी मला ओळखलं. बसा म्हणाल्या. मी तक्ता काढेपर्यंत त्यांनी मागवलेली फाइल आली. त्या स्वतःच फाइल उघडून सांगायला लागल्या, फार मायेने. फेब्रुवारीत गोळ्या पूर्ण झाल्या. मार्चमध्ये पुन्हा काच, अजून क्लास थ्रीच, म्हणून वीस तारखेला बारीकसा तुकडा काढून तपासला, कॅन्सर नाही. पंधरा एप्रिलला विजेच्या सळीने शेक दिला. भूल नाही, कापणं नाही, दहा मिनिटांचं काम. नंतर विश्रांती आणि महिना-दीड महिना जपायचं. गेल्या आठवड्यातली काच क्लास वन. आता सहा महिन्यांनी, जानेवारीत यायचं, आणि मग दर वर्षी. चुकवायचं नाही.

मी विचारलं, आणि ऑपरेशन?

त्यांना कळलंच नाही. म्हणाल्या, कसलं ऑपरेशन? ऑपरेशन मी कधी सुचवलंच नव्हतं. त्या कागदात ह्याच शेकाबद्दल लिहिलं होतं.

मी म्हणालो, मग सही? त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. तसाच छापील कागद. रेघेवर शुभदाची सही, मॅट्रिकच्या वहीतल्यासारखी सरळ, सुवाच्य. शेजारी साक्षीदार म्हणून अक्कांची, कन्नडमध्ये. आणि नवऱ्याच्या रकान्यात नर्सच्या अक्षरात, इंग्रजीत: टूरवर.

बाई म्हणाल्या, तुमच्या मिसेसनी सांगितलं होतं, फिरतीची नोकरी, महिनोन् महिने बाहेर असता म्हणून. त्यांना फार अवघड गेलं असेल, पण धीराची बाई. मग आपुलकीने विचारलं, टूरवरून केव्हा आलात?

मी म्हणालो, आजच.

तक्ता पिशवीतून काढला नाही.

३ जुलै, बुधवार. संध्याकाळी ५.

काल घरी आल्यावर बोललो नाही. आज बोललो. ती तांदूळ निवडत होती, मी समोर जमिनीवर बसलो. हॉस्पिटलात गेलो होतो म्हणालो. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, मग कळलं ना.

का सांगितलं नाहीस असं विचारलं. ती म्हणाली, दोनदा तोंडाशी आणलं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही योजना केली असतीत.

गोळ्या? नळावर तोंड धुताना थुंकत होती. ९८.४? पहिल्या दिवशी तेवढं आलं होतं, तेच सांगत होती. थर्मामीटर तर फेब्रुवारीत पंधरा दिवस अक्कांकडेच, त्यांच्या नातवाला गोवर होता.

मी म्हणालो, मला भीती वाटत होती. सही केली आणि तुला काही झालं तर. हे बोलायला पाच महिने लागले, आणि बोललो तर एवढंसंच निघालं. ती म्हणाली, मलाही वाटत होती. रोज. तुम्ही त्रिविक्रमचा कागद भरत होतात तेव्हा मला वाटलं विचाराल.

मग मी विचारलं, दुखलं का?

स्वल्प, म्हणाली. अक्कांचा हा शब्द घरात ती कधी वापरत नसे. बाहेर कुठे कुठे काय काय बोलते, मला माहीत नाही. शेक देताना अक्कांनी हात धरला होता म्हणे, आणि परत येताना रिक्षात तिला रडू आलं. एकटीला नाही, अक्कांसमोर.

व्याख्यानाचे कागद फाडले. त्याने काही झालं नाही. परत येऊन बसलो. तिच्या सुपातले दोन-चार खडे काढले. मग म्हणालो, जानेवारीत जायचंय ना, तेव्हा मी येतो तुझ्याबरोबर. रजा आत्ताच टाकून ठेवतो.

तिने सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघितलं, राग नव्हता, कीवही नव्हती. अक्कांना विचारून सांगते, म्हणाली.